हात न उचलता समुद्रापर्यंत

१८ एप्रिल १९३७, रविवार. कोऱ्हाळे बुद्रुक.

आजपासून राग बंद. कायमचा.

तसा मी मुळात शांत माणूस. घरात मांजर आहे, तिला आजवर साधं शुक म्हटलेलं नाही. लोकांना एकदा सांगून कळत नाही, मग समजावून सांगावं लागतं, आणि त्यालाच लोक टेम्पर म्हणतात.

कौसल्या होळीपासून इंदापूरला माहेरी आहे. निमित्त एवढंसं. पाटाच्या पाण्याची पाळी माझी होती. माझा चुलतभाऊ गेणबा यानं चारीचं दार फोडून पाणी आपल्या उसात घेतलं. मी त्याला खोऱ्याच्या दांड्यानं समजावत होतो. कौसल्येचा भाऊ सोपान आमच्याकडं पाहुणा आलेला. पाहुण्यानं गुमान भाकरी खावी, पण हा पळत आला आणि मध्ये पडला. त्याचं मनगट मोडलं. दांडा गेणबासाठी होता. सोपान मध्ये आला. यात माझी मिस्टेक कुठं, ते कुणीही दाखवावं.

त्याच दिवशी भावाला घेऊन कौसल्या गेली. तिला यायचं असणार, भाऊ सोडत नसणार.

घर उत्तम चाललंय. भाकरी मीच करतो. खालून करपते, वरून कच्ची राहते, मधली चांगली असते.

१९ एप्रिल.

मोरगावला वैद्यांकडं जाऊन आलो. नाडी बघून म्हणाले, सर्जेराव, रक्त तापलंय तुमचं, समुद्राच्या हवेवर जाऊन या. मी म्हटलं, रक्त तापलेलं नाही. ते म्हणाले, तापलंय. मी म्हटलं, नाही. त्यांचा आवाज चढला, माझा नाही. खल पडला तो टेबल हललं म्हणून.

पण सल्ला नामी. वाटेत विचार केला. भांडणाला दुसरा माणूस लागतो. जिथं माणूसच नाही अशा ठिकाणी गेलं तर भांडण होणार कुणाशी? तेव्हा समुद्र पाहिजे, पण गजबजलेला नको. ओसाड, रानटी पाहिजे.

शिवाय कौसल्येचं एक जुनं मागणं आहे. लग्नाच्या नवलाईत पाटाच्या कडेला बसून तिनं विचारलं होतं, समुद्राचा पलीकडचा काठ दिसतो का वो? मी म्हटलं, दाखवीन. पुढं राहून गेलं. आता मोटर आहे. पुण्याच्या एका शेटजीची जुनी, वरचं छप्पर कापडाचं, हॉर्न फर्स्ट क्लास. एका दगडात दोन पक्षी. राग जाईल, बायको येईल.

२१ एप्रिल. इंदापूर.

सासूबाई धोंडाबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला नाही. गुळाची अख्खी ढेप माझ्याच गुऱ्हाळाची, मीच पाठवलेली, फळीवर दिसत होती. तरी मी शांत. नुसतं पाणी प्यालो.

सोपान समोर बसलेला, हात गळ्यात बांधलेला. दाजी, बरं हाय का, म्हणाला. टोमणा होता की चौकशी, कळलं नाही. सोडून दिलं.

कौसल्या दाराआडून बोलली. समुद्र बघाय येईन. सोपान संगं येईल. जाऊन येईस्तवर कुणा माणसावर तुमचा हात उचलला न्हाय, तर येताना सरळ कोऱ्हाळ्याला उतरंन. उचलला, तर हितं. मग न्यायला येऊ नका, दार उघडायची न्हाय.

मंजूर केलं. मी सातवी फायनल पास आहे, शब्द नीट ऐकतो. शब्द होता हात. आणि माणूस. एवढी सोपी कंडिशन आजवर कुणी कुणाला घातली नसेल. सासूबाईंना म्हटलं, तिचं लुगडं-चोळी सगळंच बांधून द्या, परत हितं यायचं काम पडणार नाही. त्यांनी एकच लुगडं दिलं.

२३ एप्रिल. फलटणच्या पुढं.

निघालो. मी चालवतोय, कौसल्या शेजारी, मागं सोपान. पायाशी माझं खोरं. सोपान विचारतो, समुद्राला खोरं कशाला? पाण्याकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं, हे त्याला काय सांगायचं.

एक बैलगाडीवाला रस्त्याच्या मधून चाललेला. हॉर्न वाजवला. बाजूला होईना. उतरून नीट सांगितलं. तो म्हणतो, बैलास्नी मोटारीचं वारं न्हाय सोसत, दमानं घ्या. मला दमानं म्हणतो. मोटर सुरू करायचं लोखंडी हँडल हातात होतं, ते सुटलं. त्याच्या खांद्याला चाटून पुलावरून खाली नदीच्या डोहात गेलं. फेकणं म्हणजे हात उचलणं नव्हे. हात खालीच होता, हँडल वर गेलं.

गाडीवान कण्हत बसला. कौसल्येनं उतरून त्याला पाणी पाजलं. परत येऊन पदराच्या टोकाला एक गाठ मारली. माझ्या नावानं नवस बोलली असणार.

हँडल नसल्यानं काही अडत नाही. मोटर उतारावर उभी करायची. उतार नसला तर ढकलायची. सोपान एका हातानं ढकलतो, कौसल्या दोन्ही हातांनी. ती चांगली ढकलते.

२४ एप्रिल. घाटाखाली.

रेडिएटर उकळला. रस्त्याकडेच्या खोपटात एकजण चहा विकत होता, त्याच्याकडं पाणी मागितलं. म्हणाला, आधी गिऱ्हाईकांचा चहा. मी हात पाठीमागं घट्ट बांधून उभा राहिलो. मुद्दाम. कौसल्येला दिसावे म्हणून. तो परत म्हणाला, थांबा. पाय उचलला गेला. आधी बादलीला लागला, मग त्याच्या गुडघ्याला. चुलीवरचं आधण त्याच्या पायावर सांडलं, त्याला माझा इलाज नाही. चूल त्यानंच तिथं मांडली होती.

लाथ ही पायाची गोष्ट. सोपानला तसं म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, व्हय दाजी, पायाचीच.

कौसल्येनं त्या माणसाच्या पायाला शेण-माती लिंपली. पदराला दुसरी गाठ. मोठा नवस दिसतोय.

२६ एप्रिल. गुहागर.

समुद्र लांबून पाहिला, माडांच्या मधून. आवाज आधी येतो. आमच्या पाटाला असा आवाज नाही. पाट मुकाट्यानं वाहतो, भांडतात ती माणसं.

हितं फार गर्दी. दुकानं, देऊळ, भट, पोरं. धोका आहे. ओसाड किनारा कुठं, असं धर्मशाळेत एकाला विचारलं. त्यानं पुढची वाट सांगितली, आणि वर विचारलं, ओसाड कशाला? घरून पळून आलात का पाव्हणे? आणि हसला. दोन्ही हात कोटाच्या खिशात होते माझे. शप्पथ. डोकं तेवढं पुढं गेलं आणि त्याच्या नाकाला लागलं. रक्त बरंच आलं.

तिसरी गाठ.

मला वाटतं ही हवा लागू पडतेय. पूर्वीचा मी असतो तर हात बाहेर आले असते.

२७ एप्रिल. सकाळ. समुद्र.

आज उजाडताच निघालो. तांबडी वाट समुद्राच्या कडेकडेनं जाते. एक वळण घेतलं की पाणी उजवीकडं खोल खाली, दुसरं घेतलं की पुढ्यात. कातळावर पाणी असं आदळतं की फेस पार वरच्या झुडपांपर्यंत उडतो. वाटेत एकसुद्धा माणूस नाही. हॉर्न वाजवायचा प्रश्नच आला नाही. कौसल्या म्हणाली, अवो, जरा हळू घ्या, बघू द्या. मी हळू घेतली. तिनं काही मागावं आणि मी द्यावं, असं किती दिवसांनी झालं.

शेवटी केवड्याच्या बनातून वाट खाली उतरली आणि हा किनारा. दोन्हीकडं काळे खडक, मध्ये वाळू. झोपडी नाही, होडी नाही, कुत्रं नाही. पाणी लांब मागं गेलेलं. ओली वाळू खळ्यासारखी टणक. मोटर सरळ खाली नेऊन मधोमध उभी केली, तोंड समुद्राकडं. राजासारखी दिसते.

कौसल्या उतरली ती थेट पाण्यात गेली, लुगडं घोट्यावर धरून. पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि हसली. म्हणाली, येवढं पाणी, आन् एकाबी पिकाच्या कामाचं न्हाय. मग डोळ्यांवर हात धरून पलीकडचा काठ बघत राहिली. दिसला नाही. म्हणाली, बरं हाय. पल्याड भांडाय कुणी न्हाय.

मलाही हसू आलं. सोपानसुद्धा हसला. आम्ही तिघं एकदम हसलो. मला फार बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

फक्त एक. कौसल्येनं मागं वरच्या अंगाला वाळूवर काडीकचऱ्याची ओळ दाखवली आणि म्हणाली, चारीच्या बांधाला जितं कचरा अडकतो तितवर पाणी चढल्यालं आसतं. मोटर त्या कचऱ्याच्या आत हाय. मी समजावलं, न रागावता. ही ओळ मागल्या पाळीची. आता पाणी मागं सरलंय, म्हणजे वरून बंद केलेलं आहे. एकदा पाट बंद झाला की पुढची पाळी आठ-दहा दिवसांनी. तोवर हे खळंच. ती म्हणाली, ह्यो पाट न्हवं. मी म्हटलं, पाणी ते पाणी. माझा जन्म दारं धरण्यात गेला, मला पाणी शिकवू नकोस.

ती गप्प बसली. पटलं तिला.

भाकरी खाल्ली. आता केवड्याच्या सावलीत जरा पडतो. प्रोग्राम पार पडला म्हणायचा. परवा कोऱ्हाळे.

२८ एप्रिल. खडकापलीकडच्या वाडीत, एका कोळ्याच्या पडवीत.

मोटर गेली.

सगळं शांतपणे लिहितो. काल दुपारी सोपाननं हलवून उठवलं. दाजी, पाणी आलं. मी म्हटलं, आलं कसं? कुणी सोडलं? धावत गेलो तर पाणी चाकाला लागलेलं. बिगरपाळीचं पाणी. मोटर सुरू करावी तर हँडल नाही. ढकलावी तर वाळू पातळ झालेली, मागची चाकं आत चाललेली. कौसल्या आणि सोपान कंबरभर पाण्यात ढकलत होते. सोपानला एकच हात. असल्या वेळी माणसाला दोन हात असावेत.

मी खोरं घेतलं आणि मोटरीपुढं बांध घालायला लागलो. आमच्याकडं असा बांध घातला तर पाणी दिवसभर हलत नाही. हितं एक लाट आली आणि बांध नाही. परत घातला. परत नाही. तिसऱ्यांदा मात्र माझं डोकं फिरलं. पुढच्या लाटेला खोऱ्यानं हाणलं. ती फुटली. दुसरीला हाणलं, तीही फुटली. मग चार-पाच एकदम आल्या. मी सपासप मारत सुटलो, शिव्या दिल्या, समुद्राच्या सात पिढ्या उद्धरल्या. तिकडं हात उचलला हे खरं. पण कंडिशन माणसाची होती.

एवढ्यात खडकाआडून सहा-सात गडी आले. हातात दोर आणि बांबू, ओरडत. आता मला सांगा. सकाळपासून हितं चिटपाखरू नव्हतं, आणि पाणी सुटताक्षणी माणसं हजर. कोऱ्हाळ्यात याचा अर्थ एकच होतो. ज्यांनी दार फोडलं तेच बघायला येतात. मी पुढच्याला विचारलं, पाळी कुणाची? पाणी सोडणारा पाटकरी कोण तुमचा? तो काहीतरी बोलला, वाऱ्यात कळलं नाही, आणि माझ्या मोटरीला दोर बांधायला वाकला.

मी खोरं उचललं. खोरं. हात नव्हे.

कौसल्या मध्ये आली.

कपाळापासून भुवईपर्यंत. ती खाली बसली पाण्यात. पाणी तांबडं झालं, मग लाट आली आणि परत आधीसारखं झालं.

मला वाटलं, आता मला मारणार. एवढे गडी, मी एकटा. मी तयार होतो. पण कुणी बोटसुद्धा लावलं नाही. दोर टाकून सगळे तिच्याकडं गेले. दोघांनी तिला उचललं, सोपान मागं रडत पळाला. मी एकटाच मोटरीपाशी राहिलो. पाणी छातीला लागलं तेव्हा बाहेर आलो. खोरं हातातून कधी गेलं कळलं नाही. मोटर आडवी झाली. हॉर्न बराच वेळ वर दिसत होता.

२९ एप्रिल. तिथंच.

कौसल्या शुद्धीवर आहे. हितल्या म्हातारीनं हळद भरली आणि तिच्याच पदराचं टोक फाडून पट्टी बांधली. डोळा वाचला. मला आत येऊ देत नव्हते. आज दिलं.

तिला प्रेमानं समजावलं. म्हटलं, दांडा त्या गड्यासाठी होता. तू कशाला मध्ये आलीस?

ती म्हणाली, मी मदी आले न्हाय. मी लगीन झाल्यापास्नं तितंच हुबी हाय.

ताप असेल. मी विषय बदलला. म्हटलं, नवस कुणाला बोललीस, फेडून टाकू. ती म्हणाली, कसला नवस. मग पट्टीवरच्या गाठींवरून बोट फिरवलं. ह्यो गाडीवान. ह्यो च्यावाला. ह्यो नाकाचा. गाठी पट्टीतच आल्या होत्या, बरोबर कपाळावर. मी विचारलं, आणि परवाची? ती म्हणाली, पदर फाटला, गाठ कशाला मारू?

म्हणजे परवाचा तिनं धरला नाही. चांगलं लक्षण आहे.

२ मे. बारामती.

चिपळूण, कऱ्हाड, सातारा करत सर्व्हिस मोटरींनी आलो. वाटभर कुणाशी एक शब्द नाही. म्हणजे हवा लागू पडली.

बारामतीच्या स्टँडवर दोन मोटरी उभ्या. एक आमच्या कोऱ्हाळ्यावरून नीरेला जाणारी, दुसरी इंदापूरची. मी पुढं होऊन आमच्या मोटरीत चढलो, खिडकीची जागा धरली, शेजारी उपरणं टाकलं. कौसल्येला समुद्र दाखवला होता. तीन वेळा हात खाली ठेवला होता. एकदा पाठीमागं बांधला होता, एकदा खिशात होता. हिशेबानं मी कंडिशन पाळली आहे.

ती इंदापूरच्या मोटरीत चढली. सोपान खिडकीपाशी आला, दाजी, राम राम म्हणाला. गळ्यातल्या हातानंच केला.

तिनं डोक्यावरचा पदर खाली ओढला होता, पट्टी दिसू नये म्हणून. लोकांना काय सांगायचं याचा विचार तिला होता. माझ्यासाठीच असणार.

कोऱ्हाळ्यापर्यंत उपरण्यावर कुणाला बसू दिलं नाही. एकाशी थोडं झालं.

५ मे. कोऱ्हाळे.

सकाळी पाटाला पाणी आलं. पाळी माझी. जाऊन बघतो तर गेणबानं चारीचं दार फोडलेलं.

खोरं समुद्रात गेलं, म्हणून नुसत्या हातानं गेलो. आता कंडिशन नाही, तेव्हा हात मोकळे. गेणबाच्या हातात काठी होती. पहिली माझ्या पाठीत बसली, मग मी काठी हिसकावली, मग ती मोडली. मग आम्ही चिखलात. त्यानं माझा कान धरला, मी त्याचं मानगूट. दात, गुडघे, जे हाताला लागेल ते. भोवती बांधावर गडी जमले. शेजारचा जोतीराम तंबाखू मळत उभा होता. दोनदा तिकडं बघितलं. कुणी हललं नाही. सोपानचं मनगट गावानं बघितलंय.

भांडण संपेचना. असं पूर्वी कधी झालेलं नाही. एरवी कुणीतरी ओढतं, शिव्या देत दोघं दोन दिशांना जातात, आणि ज्याला ओढलं तो जिंकला म्हणून घरी जातो. आज ओढायलाच कुणी नाही. शेवटी दोघांच्याही हातात जीव राहिला नाही. गेणबा बसला. मीही बसलो. त्याच्या ओठातून रक्त गळत होतं. धापा टाकत म्हणाला, सर्जेराव, वैनी आल्या न्हाईत व्हय? मी म्हटलं, येईल. तो म्हणाला, बरं.

तोवर पाणी ना त्याच्या उसात, ना माझ्या. सगळं ओढ्याला गेलं.

घरी आलो. उंबऱ्यातूनच हाक मारली, हळद आण गं. सवयीनं. मग स्वतःच डबा शोधला. सापडला नाही. मांजरही दिसत नाही, चार दिवस झाले.

आज कुणी मध्ये आलं नाही.